घरचीच नानकटाई

साळेगावकरबाईंनी तिसरी नानकटाई उचलली आणि विचारलं, "दानम्माताई, ही घरचीच का हो?"

'शेजारच्या हुसेनबीनं ईदेला पाठवली' एवढंच दानम्माला म्हणायचं होतं. चार शब्दांचं काम. पण लग्नाला वीस वर्षं झाली तरी जिच्या हातच्या भाकरीला घरात कुणी 'बरी झाली' असंही म्हटलं नव्हतं, तिच्यासमोर कलेक्टर कचेरीतल्या साहेबांची बायको डोळे मिटून घास घोळवत बसली होती. माणसाचा तोल जायला एवढं पुरतं. दानम्मा म्हणाली, "हाव, घरचंच हाय."

"काय हात आहे हो तुमचा!" साळेगावकरबाई म्हणाल्या, आणि चौथी उचलली.

लातूरचा जिल्हा होऊन वर्ष होत आलं होतं. जिल्हा आला तसे साहेब आले, कारकून आले, त्यांची बायकापोरं आली, आणि ज्याच्या घरामागं म्हणून दोन खाटांची जागा होती त्यानं तिथं भाड्यानं द्यायला खोली काढली. पाऊस मात्र नव्या जिल्ह्यात रुजू व्हायला तयार नव्हता. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, घरोघरचे आड आटले, आणि गल्लीत टँकर आला की बाया हातातलं पोर खाली ठेवून घागर उचलून पळत.

दानम्माच्या घरामागंही आता खोली होती. माणिकप्पांनी, म्हणजे दानम्माच्या यजमानांनी, कापडदुकानातून वेळ काढून ती उभी केली होती. त्याआधी तिथं ईडलिंबाचं झाड होतं, सासूबाईंनी लावलेलं. फळं लहान पोराच्या डोक्याएवढी, पण इतकी आंबट की त्यांच्या लोणच्यानं पाहुणे डोळे मिटून घेत. "रोज दोन घागरी पाणी पितंय आन वर कचरा करतंय," असं म्हणून संक्रांतीनंतर दानम्मानंच ते तोडायला लावलं. त्या दिवशी भिंतीपलीकडून हुसेनबी एवढंच म्हणाली होती, "राहू दे ना गे माय. चांगलं झाड हाय." ती सावलीसाठी बोलतेय असं दानम्माला वाटलं. "सावली काय चाटायची हाय का आपा?" असं म्हणून तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. महिन्या-दीड महिन्यात खोली झाली, आणि साळेगावकर साहेब उस्मानाबादहून बदलून आले ते तिथंच उतरले.

साळेगावकरबाई नुसत्या साहेबांच्या बायको असत्या तर गोष्ट चार नानकटायांवर मिटली असती. पण त्या नव्या महिला मंडळाच्या सेक्रेटरीही होत्या. त्यांनी पिशवीतून वही काढली.

"पंधरा ऑगस्टला जिल्ह्याचा वाढदिवस आहे. आपण पाककला स्पर्धा ठेवलीय. पहिलं नाव तुमचं. पदार्थ, नानकटाई."

"मला कुठलं जमतंय बाई!"

"असं कसं? घरचीच आहे ना?"

आपल्याच तोंडानं घातलेली गाठ. दानम्मानं मान डोलावली.

संध्याकाळी माणिकप्पा घरी आले ते बातमी ऐकूनच. "आगं, तुझं नाव फळ्यावर लिहिलंय म्हनं मंडळात! तू आन नानकटाई?"

"तोंडातून गेलं."

"ह्याला म्हंतेत हात दाखवून अवलक्षण. जा, हुसेनबीला सांग आन मोकळी हो."

"काय सांगू? तुमची नानकटाई माजी म्हनून खपवली, आता कशी करायची ते बी शिकवा? तोंड हाय का मला?"

तोंड नव्हतं हे खरंच. हुसेनबी काही परकी बाई नव्हती. दानम्मा नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हा पहिल्या आठवड्यात भिंतीवरून वाटीभर साखर देणारी तीच. दर ईदेला तिच्या घरून फडक्यानं झाकलेली ताटली यायची आणि दर पंचमीला दानम्माकडून लाह्या जायच्या. असं माणूस एका शाबासकीसाठी विकलं, असं दानम्माला राहून राहून वाटत होतं. मग तिनं ठरवलं, आपली आपणच नानकटाई शिकायची, म्हणजे खोटं बोललेलं मागल्या तारखेनं का होईना, खरं होईल.

नानकटाईत काय असतं? मैदा, पिठीसाखर, तूप, चिमूटभर सोडा. ते दानम्मालाही ठाऊक होतं. पण हुसेनबीच्या नानकटाईला एक वास होता. आधी तूप विरघळायचं, आणि मग मागून कुठूनसा आंबूस, हिरवा, ओला वास यायचा. तो पाणी प्यायल्यावरही जात नसे. त्या दिवसांत उगीच पाणी पीत कुणी नव्हतं, हा भाग वेगळा.

पहिल्या दिवशी तिनं पातेल्यात वाळू घातली, वर ताटली ठेवली, झाकणावर निखारे पसरले, आणि वासासाठी पिठात संत्र्याच्या सालीची पूड घातली. ती पूड तोंडाला लावायला म्हणून वाळवून ठेवलेली होती. माणिकप्पांनी एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, "कुनाला ताप आलाय?"

दुसऱ्या दिवशी गजरेवालीकडून मरव्याच्या काड्या आणून चुरून घातल्या. माणिकप्पा बराच वेळ चावत राहिले. "वंगाळ न्हाई," ते म्हणाले. "पर नवरीचा गजरा खाल्ल्यावानी वाटून राहिलंय."

तिसऱ्या दिवशी कपाटातल्या बाटलीतून केवड्याच्या अत्तराचे दोन थेंब. दोनच घालायचे होते, पण बाटली जुनी, बूच सैल. पडायचे तेवढे पडले. घरभर लग्नाचा मांडव दरवळला. माणिकप्पांनी नानकटाई हातात घेतली, हुंगली आणि शांतपणे विचारलं, "ही खायची हाय, का कानात घालायची?"

दानम्माला हसू आलं नाही. तीन दिवसांत घरातलं तूप बुडाला गेलं होतं आणि हाती आला होता तो नुसता पश्चात्ताप.

मग तिच्या मनात आलं, वास कदाचित भट्टीचा असेल. हुसेनबी पीठ घरी मळायची, पण भाजायला ट्रे तय्यबच्या भट्टीवर न्यायची. गल्लीतल्या बऱ्याच बायका न्यायच्या. दुपारी पाव निघून गेले की उरलेल्या धगीवर तय्यब त्यांचे ट्रे लावून द्यायचा. दानम्माही आपला ट्रे डोक्यावर घेऊन गेली.

"तय्यब, हुसेनबीच्या नानकटाईत तू काय टाकतूस रे?"

"मी? मी काय टाकनार काकू? चाचीचा ट्रे झाकून येतो. फडकं चाचीच काढते, मी हात लावत न्हाई. भट्टीचा कायदाच हाय तो. बाईमाणसाचा ट्रे उघडून बघायचा न्हाई."

"मग वास कशाचा येतो?"

"ते चाचीलाच विचारा की! तुमची तर भिंतीला भिंत हाय." तय्यबनं ट्रे आत सारला आणि मोठ्यानं म्हणाला, "पर काकू, सगळ्या बाजारात बोलून राहिलेत, की तुमच्या हातची नानकटाई कलेक्टर हापिसाला लई आवडली. कधी शिकलात?"

भट्टीपुढं बसलेल्या चार बायका दानम्माकडं वळून बघायला लागल्या. त्यांतल्या दोघी हुसेनबीच्या नात्यातल्या होत्या. दानम्माला वाटलं, ट्रे कशाला, आपणच आत जाऊन बसावं.

घरी येते तर गल्लीत टँकर येऊन गेलेला. आता चार दिवस पाणी नाही. पण दारात तिच्या दोन घागरी भरून ठेवलेल्या होत्या, वर ताटली झाकलेली. हुसेनबी ओट्यावर गुडघे दाबत बसली होती.

"तू भट्टीला गेलेली. म्हनलं, नंबर जायचा तुझा. माझ्या घागरी मागं सारल्या न तुझ्या पुढं लावल्या."

"आन तुमच्या?"

"माझी एक भरली. बस झालं. एकट्या बाईला किती लागतंय?"

खाई त्याला खवखवे. दानम्मा त्या घागरींकडं बघत उभी राहिली आणि तिथंच रडायला लागली. मग सगळं सांगितलं. साळेगावकरबाई, चार नानकटाया, वही, संत्र्याची साल, गजरा, अत्तर, काही ठेवलं नाही. शेवटी म्हणाली, "आपा, म्या खोटं बोलले. घरचंच हाय म्हनले."

हुसेनबीनं पदर तोंडाशी धरला. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती.

"पागल हाय गे तू. खोटं कुठं बोललीस? घरचंच व्हतं की."

"म्हंजे?"

"ईदेची एखादी उरली हाय का?"

एक उरली होती. दानम्मानं ती डब्यातून आणली.

"उलटी कर."

दानम्मानं उलटी केली. खालच्या अंगाला नेहमीची बारीक नक्षी होती, मधे एक रेघ आणि दोन्हीकडं फुटलेल्या तिरप्या रेघा. वीस वर्षं ती नक्षी बघत आली होती. तिला वाटायचं, भट्टीच्या ट्रेचा ठसा असेल.

"पान हाय ते," हुसेनबी म्हणाली. "तुझ्या ईडलिंबाचं. एक फांदी माझ्या अंगणात यायची ना? येकेक नानकटाईखाली येकेक पान ठेवायचं, भाजलं की काढून टाकायचं. वास तेवढा राहतो. माझी काय करामत गे त्याच्यात? झाड तुझं."

दानम्मानं मागं पाहिलं. मागं खोली होती. खिडकीला साळेगावकरबाईंचा फुलाफुलांचा पडदा होता.

"आपा, तोडलं त्या दिवशी सांगायचं न्हाई का?"

"सांगनार व्हते. पर आवाज ऐकून बाहेर आले तवर निम्मं तोडून झालं व्हतं. म्हनलं, आता सांगून काय, तुला उगं वाईट वाटल."

हुसेनबी घरात गेली आणि बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. आत वाळलेली पानं होती, एका ट्रेपुरती. तोडलेल्या फांद्यांवरची तिनं गोळा करून ठेवली होती. बाकीची ईदेला संपली. ही तिनं मुलीसाठी राखली होती. हसीना नायगावहून पहिल्या बाळंतपणाला येणार होती, आणि तिला लहानपणापासून ही नानकटाई लागायची.

"नगं आपा. हसीनाची हायेत ती."

"घे गे. हसीनाला मी दुसरं कायतरी करीन. तुझं नाव फळ्यावर लिहिलंय." दानम्मा नाही नाही म्हणत असताना हुसेनबीनं डबा तिच्या ओच्यात कोंबला. स्पर्धेचं पीठही तिनंच मळून दिलं.

पंधरा ऑगस्टला दानम्माचा पहिला नंबर आला. यायचाच होता. बक्षीस म्हणून स्टीलची घागर मिळाली. नव्या जिल्ह्यातल्या मंडळाला त्याहून मोलाचं काही सुचलं नसावं. तीत घालायला पाणी मात्र मंडळापाशीही नव्हतं. साळेगावकरबाईंनी दानम्माला माइकसमोर उभं केलं.

"आता आमच्या दानम्माताई आपल्या घरच्या नानकटाईची कृती सांगतील!"

दानम्मानं घागर पोटाशी धरली. दुसऱ्या रांगेत हुसेनबी बसली होती, डोक्यावरचा पदर नीट करत.

"नानकटाई माजी न्हाई," दानम्मा म्हणाली. "त्या दुसऱ्या रांगंत बसल्यात त्या हुसेनबीची हाय. म्या निसती मिरवली. पीठ त्यांनी मळलं, भाजलं तय्यबनं. बक्षीस बी त्यांचंच." आणि मग तिनं पानांचं सांगितलं.

सभागृहात कुजबुज झाली. साळेगावकरबाई क्षणभर गोंधळल्या, पण सेक्रेटरी ती सेक्रेटरी. त्यांनी वही उघडली. "किती छान! पण ताई, ही ईडलिंबाची पानं मिळतील कुठं? सगळ्यांना सांगा ना."

"तुमचा पलंग हाय ना बाई? बरोबर त्याच्या खाली."

"पलंगाखाली?" साळेगावकरबाई दचकल्या. "अहो, मी रोज झाडते तिथं!"

सगळ्या बाया हसल्या. पोटभर हसल्या. जिल्ह्याच्या वाढदिवसाला एवढं हसू दुसऱ्या कशानं आलं नसेल. दानम्मा मात्र माइकसमोर तशीच उभी होती, आणि तिला त्या गर्दीत फक्त एकच न हसणारं तोंड दिसत होतं, दुसऱ्या रांगेतलं.

परतताना दोघींनी घागर मधे धरली होती. हुसेनबी घ्यायला तयार नव्हती आणि दानम्मा ठेवायला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर हुसेनबी म्हणाली, "पुढल्या आठवड्यात हसीना येईल. येता येता तेच मागंल पोरगी. काय सांगू तिला?"

दानम्मानं घराच्या दिशेनं पाहिलं.

"सांगा, घरचंच व्हतं," ती म्हणाली. "घरच्यांनीच तोडलं."