न झालेल्या अपघाताचा दाखला

बुर्ज अल अरब या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात आरोग्य, सुरक्षा व पर्यावरण व्यवस्थापकाचं पद भरायचं ठरलं. पात्रता तीन ओळींची होती: पदवी किंवा वीस वर्षांचा अनुभव, उत्तम नेतृत्वगुण, आणि ‘अपघात टाळल्याचा लेखी पुरावा’. शेवटची अट कैरोच्या मुख्यालयाची होती. कैरोहून आलेल्या अटीचा अर्थ आमच्याकडे कुणी विचारत नाही.

मिश्रण विभागाचे मुकादम लमई, आम्हा सगळ्यांचे ‘उस्ता’ म्हणजे उस्ताद, यांनी अर्ज केला. थिनरच्या पिंपांशेजारी चहाचा स्टोव्ह पेटवणाऱ्याच्या पाठीत रपाटा घालणं हा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव. पद मिळालं तर त्यांना चालू यंत्र बंद करण्याचा अधिकार मिळणार होता. मुकादमाला फक्त ओरडण्याचा असतो.

कर्मचारी विभागाच्या मादाम इनायात यांनी फाइल उघडली.

“अपघातांची वही तुम्हीच लिहिता ना, उस्ता? अकरा दिसतायत.”

“झाले ते लिहिले.”

“तिथंच घोळ केलात! शेजारच्या विभागात एकही नाही.”

“त्यांच्याकडे वहीच नाही, मादाम.”

“म्हणूनच कारभार स्वच्छ. बरं, टाळलेले किती?”

“रोजचे दोन-तीन धरा.”

“मग ज्यांचे टळले त्यांचे दाखले आणा. सही आणि दोन साक्षीदार. गुरुवारपर्यंत.”

उस्ता कागद घेऊन निघाले. टाकीवर काम करणाऱ्या शहातला ते म्हणाले, “उन्हाळ्यात टाकीत डोकं घातलं होतंस, पट्ट्याला धरून ओढलं तुला. आठवतं ना?”

“मी पडलोच नसतो, उस्ता. मी नुसता बघत होतो. उलट माझा पट्टा तुटला!”

फोर्कलिफ्टवाला म्हणाला, “राखणारा वरचा. दाखला तुम्हाला दिला तर त्याला काय वाटेल?”

“अरे बाबा, त्यानंच पाठवलं होतं मला!”

“मग त्याचीच सही घ्या की.”

राजीखुशीनं आला तो आमच्यातला एकटा कामगार, बखीत. “मी देतो दाखला! त्या दिवशी तुमचं ऐकलं असतं तर ही दोन बोटं आज जागेवर असती.” मादामनी त्याचा हात पाहिला, खरोखर हळहळल्या, आणि शेरा लिहिला: ‘हा झालेला अपघात आहे. शिवाय उमेदवाराचं कामगार ऐकत नाहीत. नेतृत्वगुण कमी.’

पद कैरोच्या डॉक्टर नाशिद यांना मिळालं. नऊ वर्षं ते एका सल्लागार कचेरीत होते. तिथं यंत्र म्हणून एक पंखा होता, आणि त्यानं कुणालाही इजा केली नसल्याचा दाखला इमारतीच्या मालकानं दिला होता. आल्या आल्या त्यांनी उस्तांची अपघातांची वही बंद केली, त्यामुळे अपघात त्याच दिवशी थांबले.

मी मिक्सरवर काम करतो. दोन वर्षांपूर्वी माझी बाही पात्यात गेली होती, आणि उस्तांनी ती चाकूनं कापली. दाखल्यांच्या मुदतीच्या गुरुवारी दुपारी ते सगळ्यात शेवटी माझ्याकडे आले होते. “सलामा, तू तरी?” सही केली असती तर सैल बाह्यांबद्दल माझ्याच फाइलला शेरा लागला असता. मी म्हटलं, “उद्या बघतो.” उद्या शुक्रवार, सुट्टी. लाज वाटते, पण फाइल स्वच्छ आहे.

तुम्ही अर्थात सही केली असती. मग एक कागद घ्या. तुम्हाला आजवर न झालेल्या अपघातांतला कुठलाही एक आठवा, आणि तो ज्याच्यामुळे झाला नाही त्याचं नाव लिहा. साक्षीदार नसले तरी चालतील.