नाना आणि त्यांचे जावईबापू

आमच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेतले नाना एसटीत चढले की खिडकीजवळची जागा स्वतः घेत नाहीत, गिरमिटाला देतात. माती काढायचं लोखंडी गिरमिट, खांद्याएवढं उंच, टॉवेलात गुंडाळलेलं. कंडक्टर ओरडतो, "ओ आबा, लोखंड खाली ठेवा!" नाना शांतपणे म्हणतात, "जावईबापू शेतस. खाले कसा बसतीन?"

नानांचं लग्न झालेलं नाही. त्यामुळे धुळ्याच्या आमच्या ऑफिसात रोज कोणीतरी विचारतंच, "नाना, जावई आला, पोरगी कुठंय?"

"धरतीना जावई शे हाऊ. तुले काय तरास?"

मी इथे केमिस्ट म्हणून लागले तेव्हा आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिलीच. हे मी सगळ्यांना सांगायचे. नानांना तर दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं शे, पोरी. आते माटीले सांग."

मग ते काम आलं. एका गावाबाहेरचा जुना कचरा डेपो, वर माती ओढून सपाट केलेला. तिथे घरकुलं बांधायची होती. त्याआधी जमिनीत विष नाही ना, ते आम्ही बघायचं. माझ्या सहीने जाणारा पहिलाच रिपोर्ट.

नाना तापाने घरी होते, म्हणून मी एकटीच गेले. वर्षभर आम्ही शेताच्या मातीचे नमुने काढतो, तसेच तिथे काढले. नागमोडी चालत वीतभर खोल खड्डे घेतले, माती एकत्र केली, नमुना आटोपशीर करायला चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले. सगळं पुस्तकाबरहुकूम. मशीनने सांगितलं, माती स्वच्छ. ठेकेदार खूश, मी खूश. वडिलांना फोन करून सांगितलंसुद्धा, की पहिली सही उद्या होणार.

दुसऱ्या दिवशी नाना आले. त्यांनी माझ्या ट्रेमधली माती चिवडली आणि कपाशीचं एक बारीक मूळ उचलून धरलं.

"मॅडम, कचरामा पऱ्हाटी कोन पेरस?"

मला ते 'मॅडम' म्हणाले की समजायचं, चुकलंय.

"वर शेतातली माती आणून टाकली असेल," मी म्हणाले आणि बोलता बोलताच थांबले.

"मंग तू त्या शेतनी तपासणी करी उनी. तठे घरं बांधानी शेतस का पऱ्हाटी लावानी शे?"

मला राग आला. खरं सांगायचं तर लाज वाटली होती, पण ती मी रागासारखी दाखवली. "रिझल्ट मशीनने दिलाय, नाना!"

"मशीनले जे खावाडं, ते त्यानी सांगं."

पुन्हा गेलो. नानांनी गिरमिटाला तेल चोळलं आणि दांड्याला दांडा जोडत भोक खोल नेलं. कंबरभर काळी, छान माती. त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशव्या, बॅटऱ्यांचे तुकडे, काळं पाणी आणि नाकात झोंबणारा वास. एरवी प्रत्येक मातीशी गप्पा मारणारे नाना त्या दिवशी नुसत्या नमुन्यांच्या पिशव्या बांधत होते. या वेळी मशीनने शिसं दाखवलं, भरपूर. मी रिपोर्ट नव्याने लिहिला: हा भराव उचलून पुन्हा तपासणी होईपर्यंत इथे घरं नकोत. सही केली.

ठेकेदार दोन दिवसांनी आला. मला टाळून नानांकडे वळला. "काय नाना! घरकुलांच्या यादीत तळमजल्याचं घर निघालं होतं तुमचं. स्वतःच्याच घराला भोक पाडलंत की हो!"

मी नानांकडे बघितलं. ते गिरमिट पुसत होते.

तो गेल्यावर मी विचारलं, "नाना, मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगीसन काय व्हतं? लिखताना तुना हात थरथरता."

आज माझ्या सहीला जी काही किंमत आहे, ती त्या एका वाक्यापासून आहे. वडिलांनी मला शिकवलं, कॉलेजने पदवी दिली, आणि सही कशी करायची ते शाळा सोडलेल्या या माणसाने दाखवलं. हे मी कोणालाही छातीठोक सांगते.

भडगावला नानांची थोरली बहीण असते. विधवा, गुडघ्यांनी अधू, दुसऱ्यांच्या घरात एका खोलीत. तळमजला तिच्यासाठी मागितला होता, म्हणजे जिने नकोत आणि डब्यात वाढवलेली तिची तुळस दारात लावता येईल. हे त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला तेव्हा कळलं.

"आक्का, घरनं राही गयं. तठली माटी खराब शे."

मग ते बराच वेळ नुसतं "हा... हा..." करत राहिले. फोन खिशात ठेवला.

"काय म्हणाल्या?"

नाना खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "म्हने, मनी तुळस डब्बामाच बरी शे. अन् म्हने, तू जेवना का?"