साखळीचे वरचे टोक

लग्न जमवण्याच्या बाबतीत माझ्याइतका निर्धास्त माणूस त्या वर्षी अवघ्या सिंगापुरात नव्हता. विश्वास घडवणे हाच तर माझा व्यवसाय! ब्राउझरच्या कोपऱ्यात ते चिमुकले हिरवे कुलूप दिसते ना, ते क्वीन्सटाउनमधल्या आमच्या कचेरीच्या शब्दावर उजळते. हे संकेतस्थळ तोतया नाही, एवढेच आम्ही चौकशी करून प्रमाणित करायचे, आणि अनोळखी माणसे निःशंक मनाने आपली गुपिते त्याच्या स्वाधीन करायची.

वल्लरीचा होकार होता. अडले होते तिच्या वडिलांपाशी. चंद्रशेखरकाका बंदरात जहाजांची तपासणी करीत. ताजा रंग दिसला की नेमकी तिथेच हातोडी मारून आवाज ऐकायचा, ही त्यांची जन्माची सवय. नीट चौकशी झाल्याशिवाय मुलगी द्यायची नाही, असे त्यांनी बजावले होते.

म्हणून मी चौकशीचीच व्यवस्था करून ठेवली. सकाळी पासिर रिसहून निघालेल्या एमआरटी मेट्रोत माझ्याच फ्लॅटमध्ये राहणारा विवेक शेजारी बसे. खिडकीबाहेर ढग इमारतींच्या खांद्यांवर डोके टेकून पेंगत असत, आणि मी मंद स्वरात स्वतःविषयी बोलत असे: माझा संयम, माझा स्वयंपाक, पहाटे उठण्याची माझी ओढ. भाबड्या विवेकने ते सारे इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, मंडळातल्या अरुणामावशींच्या कानी घातले. अरुणामावशींना सांगणे म्हणजे साऱ्या बेटाला सांगणे. काकांनी चौकशी केली ती अर्थात त्यांच्याकडेच.

एका रविवारी चोआ चू कांगला काकांच्या घरी मला चहाचे बोलावणे आले. अरुणामावशीही होत्या. दहाव्या मजल्याच्या खिडकीत दुपार अर्धवट आठवलेल्या स्वप्नासारखी थबकली होती. वल्लरीने पोह्यांची बशी पुढे करताना किंचित हसून पाहिले, आणि मला वाटले, झाले.

काकांनी सहज विचारले, की जग तुमच्या कचेरीवर तरी विश्वास का ठेवते? मी मोहरून गेलो.

"आमच्यासाठी आमच्या वरचा सही करतो, त्याच्यासाठी त्याच्या वरचा. एकेक कडी तपासत वर जायचं, काका. साखळी खोटं बोलत नाही."

काकांनी कप खाली ठेवला. "छान. मग वर जाऊन बघू या. अरुणाताई, हा मुलगा सोन्यासारखा आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"याच्याबरोबर राहतो ना, त्या विवेकने."

काकांनी विवेकला फोन लावला, स्पीकरवर.

"हो काका, रोज पहाटे उठतो तो."

"तू पाहिलंयस?"

"मी कसा पाहणार? मी झोपलेला असतो. पण तो स्वतः सांगतो ना."

"आणि स्वयंपाक?"

"तेही तोच सांगतो. जेवायला आम्ही खाली हॉकर सेंटरच्या ठेल्यांवर जातो."

वर पंख्याचे पाते आपला प्रत्येक फेरा मोजून घेत होते. अरुणामावशी माझ्याकडे पाहत होत्या, वल्लरी चहात.

"काका," मी कसाबसा म्हणालो, "सगळ्यात वरच्याची सही त्याची स्वतःचीच असते. जगभर तसंच चालतं."

"मग त्याच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"त्याची दरवर्षी कसून तपासणी होते. बाहेरची माणसं येऊन सगळं उघडून बघतात."

आपण कोणापुढे काय बोललो, हे शब्द ओठांबाहेर पडल्यावर उमगले. काकांच्या डोळ्यांत, गोदीत नवे जहाज शिरावे तसे, वात्सल्य दाटून आले.

"सगळं उघडून?"

पुढच्या रविवारी ते वल्लरीला घेऊन पासिर रिसला आमच्या फ्लॅटवर आले. त्यांनी फ्रिज उघडला. आत अर्धे लिंबू होते, आपल्या एकांतात गढलेले. मग त्यांनी मला वरण करायला लावले आणि चमचा पातेल्यावर वाजवून पाहिला. चव मात्र वल्लरीने घेतली, बराच वेळ डोळे मिटून, आणि वडिलांच्या कानात काहीतरी पुटपुटली.

आमच्या कचेरीची प्रमाणपत्रे दोन वर्षे चालतात. मला तीन महिन्यांचे मिळाले, तेही तिच्या शब्दावर. मुदत संपली की तपासणी पुन्हा नव्याने.

आज तिसरे नूतनीकरण. खाडीवर अजून उजाडायचे आहे, आणि मी खरोखरच पहाटे उठून वरणाला फोडणी देतो आहे. विवेक गाढ झोपला आहे. साक्षीला आजही कोणी नाही.