टेलचं पाणी

सकाळी सातला तात्या दारात उभे राहिले की मी समजतो, आपल्या हातून इंटरनेट सांडलंय.

"मास्तर, गुलाब तुमीच सोडलासा न्हवं?"

सोडला होता. गल्लीच्या ग्रुपवर, शुभ सकाळ म्हणून, दव पडलेला एकच गुलाब. तात्यांच्या लेखी ती पाणीचोरी. मग ते उंबऱ्यावर बसतात आणि माझा चहा निवेपर्यंत मला झापतात. मी शाळेत पोरांना झापून निवृत्त झालेला माणूस, पण तात्यांपुढे माझी मान खालीच असते.

ज्योतीराम तात्या माझे शेजारी. उचगावात आमची दारं समोरासमोर. त्यांची सगळी नोकरी कालव्यावर पाटकरी म्हणून गेली. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं आणि दार कधी पाडायचं, हे बघणारा माणूस. निवृत्त झाल्यावर कालवा सुटला, हातात मोबाईल आला आणि तात्यांनी इंटरनेटलाही कालवाच ठरवून टाकलं. "वरच्यानं दार उघडं टाकलं की टेलचा मानूस वाळतोय," हे त्यांचं पालुपद. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. पाणी पोचलं तर पोचलं, नाहीतर आकाशाकडे बघायचं.

तात्यांच्या कालव्याच्या टेलला कॅनडा आहे. तिथं त्यांचा एकुलता मुलगा विनायक राहतो. त्याची आई, आमच्या काकू, गेल्यापासून तो दर रविवारी संध्याकाळी पाचला व्हिडिओ कॉल करायचा. मध्यंतरी ते कॉल अडकायला लागले, मग चुकायला लागले. तेव्हापासून रविवारी साडेचारला तात्या नोकरीतला खाकी शर्ट चढवून गल्लीत फिरतात. पाळी लागली, दारं पाडा, नेट बंद करा, म्हणतात. पलीकडच्या पाटील वहिनी भाजी परततापरतता मोबाईलवर मालिका बघतात, त्यांना ती थांबवावी लागते. कांबळ्यांनी मुलीचं लग्न नातेवाइकांना घरबसल्या दाखवायचं ठरवलं, तेव्हा तात्यांनी फक्त अक्षतांपुरती परवानगी दिली. जेवणाची पंगत कशाला दाखवता, लोकांनी काय मोबाईल चाटायचा काय, असं त्यांचं म्हणणं. गल्ली ऐकते. पटतं म्हणून नव्हे, तात्या उंबऱ्यावर येऊन बसतील म्हणून.

एकदा मी त्यांना समजवायला गेलो. म्हटलं, तात्या, समुद्राखालून जाडजूड केबली टाकल्यात, रोज नव्या टाकतायत, माझ्या गुलाबानं काही अडत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"धरण बांदलं तवा बी सायब म्हनलं, जलमभर पुरंल. मग समद्यांनी ऊस लावला."

केबली वाढतात, तसे लोकही ऊस लावतच राहतात.

मागच्या महिन्यात एका रविवारी सहा वाजले तरी तात्यांचा फोन वाजला नाही. ते फोन घेऊन माझ्याकडे आले आणि बिघडलाय का बघा म्हणाले. फोन ठणठणीत होता. विनायकचा निरोप आला होता: "बाबा, आज नेटवर फार लोड आहे. पुढच्या रविवारी बोलू." त्याच्या वर आधीच्या रविवारचा निरोप, तोच. त्याच्या वर आणखी एक, अक्षर न अक्षर तेच. आणि शेजारी त्याच्या स्टेटसचं हिरवं गोल. दाबलं तर नातू बर्फात लोळतोय, विनायक मागून हसतोय. एकामागोमाग एक, चांगले सात व्हिडिओ. दहा मिनिटांपूर्वी टाकलेले. कुठंही अडकत नव्हते.

मी घाईघाईनं ते बंद केलं आणि म्हटलं, खरंच तात्या, लोड दिसतोय.

"त्ये गोल मी बी बगतो, मास्तर."

तात्या खाकी शर्टाची बाही खालीवर करत राहिले. मग म्हणाले, "टेलची मानसं इचारायला यायची, पानी का न्हाय? मी सांगायचो, वरनंच कमी हाय. कितींदा दार म्याच उघडलेलं नसायचं. पर आसं सांगितलं की मानूस भांडत न्हाय. गपगार घरला जातोय."

मला लाज वाटली, कारण मीही आत्ताच तेच केलं होतं. मी विचारलं, मग दर रविवारी गल्लीला कशाला धारेवर धरता?

तात्या उठले. फोन पुसून खिशात ठेवला.

"एकांद्या रविवारी त्येनं खरंच दार उघडलं, आनि वाटंत तुमचा गुलाब आडवा आला तर?"

पुढच्या रविवारी सव्वाचारलाच मी घरातलं वायफाय बंद केलं आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो. तात्या खाकी शर्टात बाहेर पडले, माझ्या दाराशी क्षणभर थांबले, आत डोकावले आणि पुढे गेले. पाटील वहिनींची मालिका थांबली. पाचच्या आत तात्या घरी परतले, त्यांनी दार लोटून घेतलं.

सारी गल्ली गप्प होती. पाच वाजून गेले, सव्वापाच झाले. मी समोरच्या दाराकडे कान लावून बसलो होतो.