उष्ट्यावर चालणारं इंजिन

लग्नपत्रिका हातात दिली की माणसं मुलाचं गाव विचारतात. म्हसावदचे आमचे शेजारी भटूनाना विचारतात, "उष्टं कितलं निंघी?"

माझ्या मुलीची पत्रिका द्यायला गेलो, तेव्हा मलाही त्यांनी हेच विचारलं. वर बजावलं, "फेकू नका. त्यामा इंजिनना घास शे."

घरामागं त्यांची गोबरगॅसची टाकी आहे. शेण, सडकी पपई, केळीचे खांब, पंगतीतलं वरण-बट्टीचं खरकटं, सगळं तिच्या पोटात. त्या गॅसवर ते विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन चालवतात. सुरू करताना थोडं डिझेल लागतं, पुढंही थेंब थेंब. नाना म्हणतात, "डिझेल म्हंजे चहा. जेवण गॅसनंच!" गॅसला कुजका वास येतो, म्हणून तो शोषायला नळीच्या वाटेत लोखंडाच्या किसानं भरलेला पिंप ठेवलाय. पाहुणा आला की चहाआधी त्याला तो पिंप हुंगावा लागतो.

लग्नाच्या दिवशी ऐन पंगतीच्या वेळी लाइट गेली. मोटार बंद, पाण्याची टाकी कोरडी, आचारी हात झटकून बाजूला बसला. तेवढ्यात कुंपणापलीकडून धडधड ऐकू आली आणि नानांच्या विहिरीचं पाणी पाइपातून मांडवात आलं! तीन पंगती उठल्या. नाना जेवायलाही आले नाहीत. इंजिनाशेजारी खाट टाकून बसले होते.

मुलगी निघायच्या वेळी इंजिन एकदम थांबलं. भांडी अजून तशीच पडलेली. मी धावत गेलो.

"नाना, गॅस सरना का?"

"गॅस शे. मीच बंद करं."

"का बरं?"

नाना चिंधीनं हात पुसत राहिले. "मन्ही पोर निंघनी तव्हय मी आठेच इंजिनपाशी व्हतू. इंजिन चालू व्हतं. ती जवळ ईसन काहीतरी बोलनी. मले ऐकू उनं नही."

"मंग नंतर विचारं नही का?"

"विचारं ना. म्हणस, काही नही बाबा, इसरी गऊ." त्यांनी मला मांडवाकडं हलकेच ढकललं. "तू जाय. भांडा मंग धुवाई जातीन."

मी गेलो. गाडीत बसताना मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून अगदी हळू बोलली. काय बोलली, ते इथं लिहीत नाही.

पण मला सगळं ऐकू आलं.