समाप्तनंतरची मारामारी

मारामारीच्या पिक्चरांवरून माझ्याशी वाद घालायचा नाही! हे मी घमेंडीत सांगत नाही, तुमच्या काळजीपोटी सांगतोय. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत गेली तीस वर्षं मी फोनवर तक्रारी घेतो. मधल्या मजल्यावर अडकलेला माणूस घाबरलेला असतो, मेकॅनिक पोचेपर्यंत त्याला शांत ठेवावं लागतं. मी त्याला एकच प्रश्न विचारतो, "साहेब, तुमच्या मते गेल्या पन्नास वर्षांतला सगळ्यात भारी मारामारीचा पिक्चर कोणता?" संपलं! माणूस घाम विसरतो, अंधार विसरतो आणि भांडायला लागतो. एक गृहस्थ तर मेकॅनिकने दार उघडल्यावरही बाहेर येईनात. आमचा वाद अर्धवट राहिला होता ना!

त्यामुळे सासऱ्यांना बोलतं करायचा प्रश्न आला तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे म्हटलं, "माझ्यावर सोड!"

सासूबाई जाऊन आठ महिने झाले होते. बायकोने फार गळ घातली म्हणून बाबा महिनाभरासाठी आमच्याकडे आले. आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. "बाबा, चहा?" "चालेल." "बाबा, जेवायला वाढू?" "चालेल." महिनाभर घरात हा एकच शब्द. आणि परवा एकदम लांबलचक बोलले, "रविवारी दुपारच्या गाडीने निघतो मी. इथे माझं काही काम नाही." लगेच बॅग भरून दारापाशी ठेवलीसुद्धा.

बायको ओट्याशी उभी राहून डोळे पुसत होती. "तिकडे त्या बंद घरात कोणाशी बोलतील हो ते? भिंतींशी? काहीही करा, पण त्यांना थांबवा."

"आपण त्यांना लिफ्टमधलं गिऱ्हाईक समजू."

"माझे वडील आहेत ते!"

"अगं, पद्धत सांगतोय मी! जन्मभर थिएटरात ऑपरेटर होते ते. मशीनवर रिळं चढवून हजारो पिक्चर दाखवलेत. रविवारी सकाळी इथे जंगी वाद ठेवतो. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर, आमच्या कंपनीतला मेकॅनिक, ज्याला सगळे पाना म्हणतात तो, आणि मी. बाबा तोंड उघडल्याशिवाय राहूच शकणार नाहीत!"

बायकोने माझ्याकडे रोखून पाहिलं. "ठीक आहे. पण 'पूल' सांगायचा नाही."

आता 'पूल' म्हणजे काय ते तुम्हाला सांगायलाच हवं. तो माझा पिक्चर! त्याचं खरं नाव वेगळं, पण आमच्या घरात त्याला 'पूल'च म्हणतात. चौथीत असताना मी सुट्टीला मावशीकडे गेलो होतो, तिथे तो पाहिला, तो एकदाच. शेवटी हिरो आणि व्हिलनची पुलावर झटापट होते, दोघेही नदीत पडतात आणि दोघेही मरतात. हिरोची आई रडते. पडद्यावर 'समाप्त' अशी पाटी येते. लोक उठून चालू लागले. माझी एक चप्पल खुर्चीखाली सरकली होती, ती शोधायला मी मागे राहिलो आणि काय सांगू तुम्हाला! पिक्चर परत सुरू! मेलेला हिरो मोटारसायकलवरून भिंत फोडून अड्ड्यात घुसला! मेलेला व्हिलन तिथे सिगार ओढत बसलेला! चाळीस माणसं लोळली, हिरोने मूठ हवेत उगारली आणि फटकन थिएटरातले दिवे लागले!

समाप्त झाल्यावर पिक्चर सुरू करायची छाती आहे का हो दुसऱ्या कुठल्या दिग्दर्शकाची? चांगलं मरत नाही, वाईटही मरत नाही, झुंज चालूच राहते, असा त्याचा अर्थ आहे. यावर मी लग्नाकार्यांत भाषणं दिली आहेत. लोक माझी टिंगल करतात. एकट्या सासूबाईंना त्याची कदर होती. दर भेटीत म्हणायच्या, "जावईबापू, पूल सांगा ना!" मी सांगायला लागलो की त्या हसू दाबत बाबांकडे बघत बसायच्या आणि बाबा पेपर उघडून तोंडापुढे धरायचे. पेशाच पिक्चरचा, कंटाळा येत असेल, असं मला वाटायचं. सासूबाई गेल्यावर मी पूल सांगणं बंदच केलं. सांगवेना. आणि घरात दुःख असताना बरंही दिसत नव्हतं.

रविवारी दहाला सभा भरली. बाबा खुर्चीत, तोंडापुढे पेपर. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "तर मंडळी, गेल्या पन्नास वर्षांतला सर्वांत भारी कोणता?"

"मालगाडीवाला," डॉक्टर म्हणाले. "हिरो चालत्या मालगाडीच्या टपावरून एकोणीस डबे पळतो. मी मोजलेत."

"हेलिकॉप्टरवाल्यापुढे मालगाडी म्हणजे झुकझुक गाडी!" पाना उसळला. "एका हाताने लटकून दुसऱ्या हाताने गोळ्या मारतो!"

"एका हाताने? खांदा निखळेल!"

"तुम्ही दातांचं बघा, खांद्यांत कशाला शिरता?"

पाच मिनिटांत दोघे उभे राहिले. आवाज चढले, पानाने चहा सांडला, डॉक्टरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. वाद असा रंगला की काही विचारू नका. पण पेपर? पेपर तसूभर हलला नाही! मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते, गाडी एकला. दारातून बायको माझ्याकडे असं बघत होती की मला ते बघवेना.

मग माझा तोल गेला. "बास! हे दोन्ही पिक्चर पूलच्या पासंगालाही पुरत नाहीत!"

"पूल?" डॉक्टर म्हणाले. "पुलावरून दोघे पडतात तोच ना? पाहिलाय की मी. पडतात आणि संपतो."

"तुम्ही लवकर उठलात! खरा पिक्चर समाप्तनंतर आहे!"

"समाप्तनंतर फक्त झाडूवाला असतो हो!" पाना खो खो हसला.

डॉक्टरांनी शांतपणे फोनवर तो पिक्चर शोधला आणि आमच्या टीव्हीवर त्याचा शेवटचा भाग लावला. आणि काय दिसावं? मोटारसायकल आधी! भिंत फुटली, चाळीस माणसं लोळली, मूठ हवेत गेली. मग पूल. मग नदी. मग आई. समाप्त. पुढे नुसता काळा पडदा! आम्ही तो काळा पडदा पुरी दोन मिनिटं बघत बसलो.

"ही प्रत कापलेली आहे!" मी ओरडलो. "कुणीतरी हलकटपणा केलाय! थांबा, मी दाखवतो खरं कसं होतं ते!"

आता पंचावन्नाव्या वर्षी माणसाने काय करावं आणि काय करू नये याला काही सीमा असते. पण डोकंच फिरलं होतं. दिवाण म्हणजे पूल. त्यावरून मी नदीत उडी घेतली, म्हणजे सतरंजीवर. मेलो. आई होऊन रडलो. "समाप्त!" म्हटलं आणि ताडकन उठलो. आता मोटारसायकल हवी! दारापाशी बॅग होती. मी तिच्यावर मांड ठोकली, हँडल धरलं, तोंडाने घुर्रर्र केलं आणि भिंत फोडायला म्हणून सगळं वजन टाकून उसळलो. फर्रर्र! बॅगेची चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. बाबांचे शर्ट, टॉवेल, औषधं, दाढीचं सामान सगळं खोलीभर झालं आणि तोल सावरायला मी दाराचा पडदा धरला, तो दांडीसकट खाली आला, नेमका डॉक्टरांच्या डोक्यावर!

पडद्याखाली डॉक्टर, टॉवेलात मी. बायकोने कपाळाला हात लावला. मनात म्हटलं, झालं! थांबवायचं राहिलं बाजूला, आता बाबा आयुष्यात परत येणार नाहीत.

आणि पेपर खाली आला.

"मोटारसायकल आधीच आहे," बाबा म्हणाले. "डॉक्टर बरोबर सांगतायत. तेरावं रीळ मोटारसायकलचं, चौदावं पुलाचं. त्या दिवशी चौदावं आधी लागलं. माझ्या हातून."

"तुमच्या?" मी टॉवेलातूनच विचारलं. मावशीचं गाव बाबांचंच होतं हे मला माहीत होतं. पण तिथे तेव्हा थिएटरं सहा, आणि नवव्या वर्षी थिएटरची पाटी कोण वाचतं? पोस्टर बघितलं की आत!

"तीनचा खेळ होता. बारावं रीळ चालू असताना मॅनेजरच्या खोलीतून निरोप आला. दवाखान्यातून फोन आहे, मुलगी झाली." बाबांनी बायकोकडे पाहिलं. "मग माझे हात कुठले माझ्या ताब्यात! पडद्यावर समाप्त दिसलं तेव्हा कळलं, तेरावं अजून डब्यातच आहे. लावलं घाईघाईने. ते संपलं आणि तसाच पळत सुटलो. दवाखान्यात पोचलो आणि मुलीचं तोंड बघायच्या आधी तुझ्या आईला हेच सांगितलं, की अगं, मी आज पिक्चर संपवून मग सुरू केला. इतकी हसली, इतकी हसली! नर्सने मलाच बाहेर काढलं."

महिनाभर एका शब्दावर राहिलेला माणूस बोलत होता आणि आम्ही श्वास धरून ऐकत होतो.

"मॅनेजरला कळतं तर नोकरी गेली असती. म्हणून दोघांनी ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. आणि चोवीस वर्षांनी जावई आले, आणि पहिल्याच दिवशी, चहाचा कप हातात घेऊन, तोच खेळ सांगायला लागले!"

"मग तेव्हाच नाही का सांगायचं, बाबा!" मी म्हटलं.

"मी निघालो होतो सांगायला. ती म्हणाली, नको, बिचाऱ्यांचा पिक्चर मोडेल. आणि खरं म्हणजे तुम्ही सांगायला लागलात की तिला तो दिवस दिसायचा. मलाही. मला हसू आवरायचं नाही म्हणून पेपर धरायचो." बाबांनी पेपराची घडी घातली. "ती गेल्यापासून तुम्ही एकदाही सांगितला नाहीत. इथे आलो तेव्हा वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. महिना झाला."

मला हे कळलंच नव्हतं. मला! अडकलेल्या माणसांना बोलतं करणाऱ्या मला! आम्ही सगळ्यांनी मिळून, त्यांना त्रास नको म्हणून, त्यांच्या घरातली एकच हसरी गोष्ट बंद करून टाकली होती. पाना भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत होता. बायको बाबांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडत होती.

मग तिने एकदम डोकं वर केलं. "एक मिनिट! मी जन्मले त्या दिवशी तुम्ही चौथीत होतात? लग्न ठरवताना तर पाच वर्षांचं अंतर सांगितलं होतंत!"

"अगं, तिथेही रिळं मागेपुढे झाली असतील," मी म्हटलं. पडद्याखालून डॉक्टर हसले. मग बाबा हसले, चांगले खोकला येईपर्यंत.

त्या दुपारी मी पूल अथपासून इतिपर्यंत सांगितला. गाडी निघून गेली. तसंही बॅगेशिवाय कुठे जाणार!

सोमवारी बॅग दुरुस्तीला टाकली. बॅगवाला म्हणाला, गुरुवारी देतो. बुधवारी ऑफिसातून येताना मी हळूच त्याच्याकडे गेलो. "हे बघा, आमच्या बॅगेची अजिबात घाई नाही. दोन-तीन महिने लागले तरी चालतील."

तो वैतागला. "तुमच्या घरात चाललंय काय? सोमवारी बाई येऊन हेच सांगून गेल्या. आणि आज सकाळी आजोबा आले. मी नवी चेन कापून ठेवली होती, ती बघतो म्हणाले आणि खिशात घालून चालते झाले!"

घरी आलो. बाबा खिडकीजवळ होते.

"बॅगेचं काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"चेन मिळत नाहीये म्हणतो."

"असं का? हल्ली मिळतच नाहीत चेनी," असं म्हणून बाबांनी पेपर तोंडापुढे धरला. पेपर जोरजोरात हलत होता.

मी समोर स्टूल ओढलं, घसा साफ केला आणि सुरू केलं, "तर मंडळी, पुलावर हिरो आणि व्हिलन..."

"थांबा," पेपरमागून आवाज आला. "सुरुवात चुकली. आधी फोन येतो."