वळखीची ठिणगी

आमच्या घरमालकीण हौसाक्का ठिणगीला घाबरत नसत. उलट तिची वाट बघत. दुपारी त्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जात आणि ड्रिल मशीनची पिन भिंतीतल्या सॉकेटात खुपसत. फट्‌ आवाज होऊन निळी ठिणगी उडे, अन् बटणाला बोटही न लावता मशीन घरघरायला लागे. बघणारा दचकला की आक्का समजूत घालत, "घाबरू नगा. वळखीची हाय."

चाकणला त्यांच्या खोल्यांत आम्ही सारे कंपनीतले भाडेकरू. आक्कांच्या मते वीज माणसासारखीच मानी. मिक्सरला त्या आधी "ऊठ बाबा" म्हणत, तापलेल्या इस्त्रीला "पुरं बाई". याचं आम्हाला हसू यायचं. शेडचं मात्र यायचं नाही. आत ना लाकूड, ना लोखंड, ना भुसा. मशीन रिकामंच फिरायचं आणि आक्का स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत राहायच्या. लातूरचा एक नवा भाडेकरू हे खिडकीतून बघून तळेगावला राहायला गेला.

एका रविवारी सॉकेट काळं पडून वितळलं. मी कंपनीत मेंटेनन्सला, म्हणून आक्कांनी मला बोलावलं. भिंतीवरचं बटण कधीचंच बिघडून चालूवर अडकलेलं. मशीन हातात घेतलं तर त्याचंही बटण दाबून लॉक केलेलं. ठिणगी उडणारच. आधी मशीनचं बटण सोडत जा, असं सांगत मी अंगठा पुढे केला.

आक्कांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे लेका. ते ह्यांनी दाबलंय."

मग त्या हळूहळू बोलल्या. त्यांचे यजमान या शेडमध्ये दारं-खिडक्या करायचे. एकदा काम चालू असतानाच लाईट गेली. मशीन तसंच टेबलावर ठेवून ते भिंतीला टेकून बसले आणि बसल्या जागीच गेले. आक्का घरात होत्या. त्यांना काहीच कळलं नाही.

"मंग लाईट आली. मशीन सुरू झालं. मला वाटलं, ह्ये लागलं कामाला. मी च्या टाकला."

मी भिंतीवर नवं सॉकेट, नवं बटण बसवलं. मशीनच्या बटणाला हात लावला नाही. पिन आधी लावायची आणि भिंतीवरचं बटण मग दाबायचं, एवढं करून दाखवलं. ठिणगी उडाली नाही. मशीन घरघरलं.

मी निघायला वळलो, तर आक्कांनी कोपऱ्यातलं दुसरं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं.